बांध, भावकी आणि शिवेचा धोंडा: बेळगाव परिसरावर ऐतिहासिक अद्भुतकथा कशी लिहावी

कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा सीमाभागातल्या गावांतून मराठी साहित्य संमेलने भरतात आणि तिथे नव्याने लिहू लागलेली मुले-मुली भेटतात. त्यांतल्या अनेकांना आपल्याच मुलखावर ऐतिहासिक अद्भुतकथा लिहायची असते. मात्र लिहायला बसल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे किल्ला, तलवार आणि राजकन्या एवढेच येते आणि कथा कुठल्याही मुलखात घडावी तशी घडू लागते. आपल्या भागातले मध्ययुगीन शिलालेख वाचले तर वेगळेच चित्र दिसते. त्यांतला मोठा भाग जमिनीविषयी आहे: कोणी कोणाला किती शेत दिले, त्याच्या चारी दिशांना काय होते आणि ते हिरावून घेणाऱ्याला कोणती गती मिळेल. म्हणून या मुलखाची अद्भुतकथा बांधावर आणि चुलीपाशी शोधावी, असे माझे ठाम मत आहे. ती कशी उभी करायची, हे पुढे क्रमाने सांगितले आहे. सगळ्या पायऱ्यांमधून एकच सूत्र जाते: अद्भुताने साक्ष द्यावी, निवाडा मात्र माणसांवर सोडावा.

पहिली पायरी: एका पिढीएवढा काळ निवडा

‘मध्ययुगात एकदा’ अशी सुरुवात करू नये, कारण जमिनीचा कायदा, कागदपत्रे आणि अधिकारी राजवटीगणिक बदलतात. बाराव्या शतकात हलशीच्या बाजूला गोव्याच्या कदंबांची सत्ता होती, तर कुंडी तीन हजार या प्रांतावर सौंदत्तीचे रट्ट राज्य करीत होते. तेराव्या शतकाच्या आरंभी रट्टांची राजधानी वेणुग्रामास, म्हणजे आजच्या बेळगावास आली. १२२८ ते १२३८ या दशकात देवगिरीच्या यादवांनी रट्टांचे राज्य संपवले. पुढे बहमनी सुलतानांच्या वतीने महमूद गवानाने १४७२-७३ च्या सुमारास वेढा घालून बेळगावचा किल्ला जिंकला आणि त्यानंतर हा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत गेला.

नवोदिताने १२०४ ते १२३८ हा तुकडा घ्यावा, असे मी सुचवीन. १२०४ साली रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, बांधवली. ते बांधकाम पोरवयात पाहिलेला माणूस यादवांचे सैन्य आले तेव्हा चाळिशीच्या आसपास असेल, म्हणजे एकाच माणसाच्या आयुष्यात दोन राजवटी बसतात. जुन्या राजाने दिलेले शेत नवा राजा मानील का, हा प्रश्न अशा वेळी गावातल्या प्रत्येक घराला पडतो आणि जो भाऊ इतकी वर्षे गप्प बसला होता त्यालाही तोंड फुटते. राजवट पालटण्याचा कथेसाठी एवढाच उपयोग करावा. लढाई दूर, क्षितिजापलीकडे राहिली तरी चालते.

ज्यांना गोतसभा (भाऊबंद व गावकऱ्यांची न्यायसभा), महजर (तिचे निवाडापत्र), देसाई, नाडगौडा, पाटील, कुलकर्णी आणि वतनाचे मानपान हवे आहेत त्यांनी आदिलशाहीचा काळ निवडावा. त्या काळच्या आणि पुढच्या कागदांवर अक्षर न येणारा पाटील नांगराची निशाणी करीत असे आणि सुतारासारखे बलुतेदार आपापल्या हत्याराची. असे तपशील कथेला फार उपयोगी पडतात, पण ते १२०४ च्या कथेत घुसडू नयेत.

दुसरी पायरी: गाव, माती आणि पाणी ठरवा

बेळगाव परिसरात पूर्व आणि पश्चिम यांत मोठा फरक आहे. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीकडे, खानापूरच्या डोंगराळ पट्ट्यात, धो धो पाऊस, दाट रान, भात आणि नाचणी. सौंदत्ती, गोकाक, अथणीकडे काळी जमीन, कमी पाऊस आणि जोंधळा. पश्चिमेकडचे भांडण ओढ्याच्या पाण्यावरून, खाचरावरून, रान तोडून नव्याने काढलेल्या शेतावरून पेटते. पूर्वेकडे विहीर, गायरान आणि धान्याचे पेव ही भांडणाची कारणे होतात. आपले गाव यांपैकी कुठले, हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मग एका कागदावर हाताने नकाशा काढावा. गावठाण, वेस, देऊळ, तळे, ओढा, पाणंद, देवराई, शिवेचे धोंडे आणि वादातले शेत दाखवावे. शेताच्या पूर्वेस, दक्षिणेस, पश्चिमेस आणि उत्तरेस काय आहे ते शिलालेखात लिहितात त्याच क्रमाने लिहून काढावे: पूर्वेस वारूळ, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस देवाचे शेत, उत्तरेस चिंचेखालचा धोंडा. या चार खुणांपैकी एक खूण कालांतराने हलणारी असावी. ओढा पात्र बदलतो, झाड वठते, वारूळ विरघळते, आणि वाद तिथूनच सुरू होतो. क्षेत्र एकरात किंवा गुंठ्यांत सांगू नये. त्या काळच्या लेखांत मत्तर, कम्म, निवर्तन अशी मापे येतात. मोजणी काठीने होत असे आणि काठीची लांबी सगळीकडे सारखी नसे, हीसुद्धा भांडणाची उत्तम सोय आहे.

पिकांबाबत आणि स्वयंपाकाबाबत कडक राहावे. संकेश्वरी मिरची, निपाणीची तंबाखू, बेळगावची रताळी आणि बटाटे, मका, भुईमूग, काजू या आज आपल्या शिवाराची ओळख बनलेल्या गोष्टी अमेरिका खंडातल्या आहेत आणि पोर्तुगीज किनाऱ्यावर आल्यानंतरच इकडे पोचल्या. १२०४ च्या चुलीवर तिखटपणासाठी मिरी, पिंपळी आणि सुंठ असेल. शेतात भात, जोंधळा, नाचणी, तूर, मूग, कुळीथ आणि ऊस असतील.

तिसरी पायरी: वाद घराच्या आत रुजवा

कथेचे खरे बळ या पायरीत आहे, म्हणून इथे घाई करू नये. जमिनीचे भांडण दोन शत्रूंमध्ये असले तर ते लवकर संपते. भावकीत असले की तेच लोक सकाळी एकमेकांच्या विरुद्ध साक्ष देतात आणि संध्याकाळी एकाच सुतकात बसतात.

त्या काळचा वारसाविचार समजून घ्यायला एक ग्रंथ पुरेसा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात (१०७६ ते ११२६) विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. ते कल्याण म्हणजे बिदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. वडिलार्जित मालमत्तेत मुलाचा वाटा जन्मापासूनच असतो, हे तिचे मुख्य सांगणे. निपुत्रिक माणसाच्या मागे कोणाला काय मिळते, या प्रश्नाला तिने दिलेले उत्तर कथाकाराने तोंडपाठ करावे: मृत माणूस भावांपासून विभक्त झालेला असेल तर त्याची पत्नी प्रथम वारस, तिच्यामागे मुली. तो एकत्र कुटुंबात असतानाच मेला असेल, तर त्याचा वाटा भावांकडे जातो आणि विधवेला पोटापुरते मिळते.

म्हणजे साऱ्या कथेचा तोल एका प्रश्नावर येऊन ठरतो. तो मेला तेव्हा वाटणी झाली होती की नव्हती?

एक उदाहरण घेऊ. तीन भाऊ आहेत. मधला तापाने वारला, मूलबाळ नाही. त्याची बायको दोन वर्षांपासून परसदारच्या पडवीत वेगळी चूल मांडून राहते आहे. ती म्हणते, आम्ही वेगळे झालो होतो. थोरला म्हणतो, बायकांचे पटेना म्हणून चूल वेगळी केली, शेत कधीच वाटले नव्हते. धाकटा काहीच बोलत नाही, कारण विधवेला वाटा गेला तर त्याला काही मिळणार नाही आणि थोरल्याची बाजू घेतली तर उद्या आपल्याही बायकोवर हीच पाळी येईल, हे त्याला कळते.

वाटणी नाकारली जात असेल तेव्हा ती भाऊबंदांच्या व नातलगांच्या साक्षीने, लेखाने आणि वेगळ्या घरा-शेतांवरून सिद्ध करावी, असे स्मृती सांगते. याचे रूपांतर घरगुती तपशिलात करता आले पाहिजे. पेरणीचे बी कोणाच्या कणगीतून आले? मळणी झाल्यावर खळ्यावर रास एक होती की दोन? कुळाचाराचा नैवेद्य मधल्याने वेगळा दाखवला होता का? भांगलणीला येणाऱ्या बायकांना त्या वर्षी धान्य कोणी मोजून दिले? असे दहा प्रश्न लिहून काढावेत, त्यांतल्या पाचांची उत्तरे विधवेच्या बाजूने आणि पाचांची थोरल्याच्या बाजूने द्यावीत. दोघांपैकी कोणीही पूर्ण खोटे बोलत नसेल तर कथा मोठी होते.

आणखी एक ताण हवा असेल तर विधवेला दिवस गेलेले असू द्यावेत. अशा वेळी बाळंतपण होईपर्यंत वाटणी थांबवावी, असे धर्मशास्त्राचे सांगणे आहे. मग घरातली प्रत्येक बाई महिने मोजू लागते आणि सुईणीचे येणे-जाणे हीसुद्धा वादाची गोष्ट होऊन बसते. इथे स्त्रियांना केवळ सोसणाऱ्या म्हणून रंगवू नये. रोप लावणी, भांगलण, मळणी ही कामे बायकांनी केलेली असतात, त्यामुळे कुठल्या वाफ्यात पाणी आधी उतरते आणि बांध कुठल्या वर्षी कोरला गेला, हे घरच्या पुरुषांपेक्षा त्यांना अधिक नेमके ठाऊक असते. स्मृतीच्या पोथीला हे ज्ञान साक्षीपुरते तरी मान्य होईल का, असा प्रसंग आवर्जून लिहावा.

ग्रंथात लिहिले तसेच गावात चालत असे, असेही समजू नये. गावची रूढी, देवळाचा आचार्य, गावुंड (गावचा प्रमुख) आणि महाजन यांचे वजन मोठे होते. पोथी एक सांगते आणि गाव दुसरे करते, त्या फटीत कथेला जागा मिळते.

चौथी पायरी: पुरावा जमवा आणि त्यातला एक लपवा

हद्दीच्या वादात कोणाला विचारावे, याची याज्ञवल्क्याने दिलेली यादी वाचली की अंगावर काटा येतो: शेजारचे लोक, वृद्ध माणसे, गुराखी, शिवेलगत नांगरणारे आणि रानात फिरणारे. ज्यांच्या नावावर कदाचित एक वाफाही नाही, त्यांनाच कोणाची जमीन कुठे संपते हे सर्वांत चांगले ठाऊक असते. पुढच्या काळातही मराठी मुलखात गावच्या शिवेबाबत महाराची साक्ष महत्त्वाची मानली जात असे. ज्याला गावकुसाबाहेर ठेवले त्याच्याच शब्दावर गावाची शीव ठरत असे. ही विसंगती सौम्य करू नये. असा माणूस कथेत आणला तर त्याला स्वतःचे मन, स्वतःचे भय आणि स्वतःचा हिशेब द्यावा. तो नायकाच्या सोयीसाठी उभा नाही.

उघड खुणांखेरीज गुप्त खुणाही असत. हाडे, कोंडा, राख, खापऱ्या, वाळलेले शेण, विटा, कोळसे, खडे, वाळू अशा लवकर न कुजणाऱ्या वस्तू हद्दीखाली पुरून ठेवाव्यात, असे मनुस्मृती सांगते. कथाकाराला याहून चांगली भेट कोणती हवी? आजोबांनी बांधाखाली पुरलेली कोळशाची खापरी कुठे आहे हे घरात फक्त एकाच माणसाला माहीत आहे, आणि तो माणूस बोलायला तयार नाही.

कालावधीचाही विचार करावा. दुसरा माणूस आपली जमीन खात असताना धनी डोळ्यांनी पाहत राहिला आणि २० वर्षे काही बोलला नाही, तर त्याची हानी होते, असे याज्ञवल्क्य म्हणतो. विज्ञानेश्वर त्याचा अर्थ लावताना गेलेले पीक गेले, पण भुईचे स्वामित्व जात नाही, या बाजूला झुकतो. एकाच वचनाचे दोन अर्थ आणि दोन भाऊ असे मांडता आले तर सभेचा प्रसंग आपोआप जिवंत होतो. म्हणून वाद कथेत एकोणिसाव्या वर्षी सुरू करावा.

पाचवी पायरी: अद्भुताला एकच नियम द्या

आता जादू. नवोदितांच्या हातून सर्वांत जास्त नुकसान इथे होते, कारण शेवटी देव प्रकट होतो आणि दुष्ट भाऊ जळून जातो. तसे झाले की आधीची सगळी साक्ष, सगळी वाटणी, सगळे मौन वाया जाते. वाचक विचारतो, देव येणारच होता तर एवढे दिवस लोक भांडत का होते?

अद्भुताची बीजे मातीतच पडलेली आहेत. दान दिलेल्या जमिनीच्या लेखांत शेवटी शापवचन येते: स्वतः दिलेली किंवा दुसऱ्याने दिलेली भूमी जो हिरावून घेईल तो साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा होऊन जन्मेल. दगडाच्या माथ्यावर सूर्य-चंद्र कोरलेले असतात, कारण ते दान चंद्र-सूर्य असेपर्यंत चालायचे असते. कोकणात आणि दक्षिण महाराष्ट्रात सापडणारे गधेगाळ, म्हणजे गाढव आणि स्त्री यांचे चित्र कोरलेले दगड, तर शाप चित्रातूनच सांगतात, त्यासाठी वाचता यायची गरज नाही. याशिवाय गावदेवाला लावला जाणारा कौल, शिवेवरचा राखणदार, देवराईतून काटकीही न उचलण्याचा नियम हे आपल्याकडे आजही लोकांच्या बोलण्यात आहे. परक्या मुलखातले ड्रॅगन आणि जादूगार आणण्याची मुळीच आवश्यकता नाही.

यांतली एकच गोष्ट निवडावी आणि तिचा नियम एका वाक्यात लिहावा. मी वर घेतलेल्या उदाहरणासाठी असा नियम करीन: शीव चालणाऱ्याने डोक्यावर घेतलेली माती, त्याचे पाऊल खोट्या जागी पडले की जड होते, पण ते वजन फक्त त्यालाच कळते. नियमाच्या उत्तरार्धात सगळा अर्थ आहे. बघणाऱ्यांना काहीच दिसत नाही, पंचांना पुरावा मिळत नाही. चालणारा ठरवील तर ते वजन सोसून खोटी शीव पूर्ण करू शकतो. अद्भुताने साक्ष दिली, पण ती एकाच माणसाच्या मानेवर ठेवली.

नियम करताना आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. अद्भुताची किंमत कोणाला तरी द्यावी लागली पाहिजे, आणि ती शक्यतो घरातल्याच कोणाला द्यावी लागावी. शिवाय गावातल्या लोकांना ही गोष्ट नवी नसावी. त्यांच्या दृष्टीने शाप हा पावसासारखाच खरा आहे. त्यावर आश्चर्य करण्यात पाने घालवू नयेत, त्याला वळसा कसा घालायचा याचा विचार करणारी माणसे दाखवावीत.

सहावी पायरी: निवाड्याचा प्रसंग विधीनुसार लिहा

शीव चालण्याचा विधी स्मृतीत इतका स्पष्ट आहे की त्यात भर घालावी लागत नाही. साक्षीदार किंवा खुणा नसतील तेव्हा शेजारच्या गावांतले चार, आठ किंवा दहा जण लाल वस्त्रे नेसून, लाल फुलांच्या माळा घालून, डोक्यावर माती घेऊन हद्द चालून दाखवतात. ते चालले ती शीव. मात्र निकाल तेवढ्यावर पुरा होत नाही: तीन पंधरवड्यांच्या आत चालणाऱ्यावर दैवाचे किंवा राजाचे संकट कोसळले तर त्याने खोटे केले असे धरतात. म्हणजे चालून झाल्यावरही दीड महिना सारे गाव त्या माणसाच्या घराकडे बघत असते. नातू पडला, गाय मेली, कौले उडाली, की कुजबुज सुरू होते. कादंबरीचा एक पूर्ण भाग या दीड महिन्यावर लिहिता येतो.

काळही अचूक साधतो. गावांच्या शिवेचा वाद ज्येष्ठात, खुणा उघड्या दिसत असताना सोडवावा असे मनु सांगतो. आपल्याकडे ज्येष्ठ म्हणजे पाऊस तोंडावर आलेला. खानापूरकडे धूळवाफेवर भात पेरायची घाई असते. वाद मिटल्याशिवाय शेतात नांगर घालता येत नाही आणि पाऊस तर थांबत नाही, त्यामुळे कथेला आपोआप मुदत मिळते.

दिव्य करण्याचा, म्हणजे देवाच्या साक्षीने कसोटी देऊन खरे-खोटे ठरवण्याचा, पर्यायही आहे, आणि तो आपल्याच मुलखात घडल्याचा दगडी पुरावा आहे. गोव्याचा कदंब राजा तिसरा जयकेशी याच्या कारकिर्दीतल्या, बाराव्या शतकाच्या अखेरच्या कित्तूर येथील शिलालेखात दोन देवस्थानांच्या आचार्यांमध्ये एका शेतावरून झालेला वाद फाळदिव्याने, म्हणजे तापलेला नांगराचा फाळ हाती घेऊन सोडवल्याचे नोंदलेले आहे. ज्या लोखंडाने ती भुई नांगरायची तेच लोखंड हातात घ्यायचे, ही कल्पना कोणत्याही लेखकाच्या कल्पनेला मागे टाकील. कोशदिव्यात देवाला घातलेले पाणी पिऊन चौदा दिवस वाट पाहावी लागते; घरगुती कथेला ते अधिक शोभते, कारण त्यात हात भाजत नाही, भीतीच माणसाला भाजून काढते.

प्रसंग लिहिताना दृष्टी एकाच माणसावर ठेवावी. वरच्या उदाहरणात थोरल्याच्या धान्याच्या ऋणात अडकलेला शेजारगावचा एक म्हातारा शीव चालतो आहे, असे समजू:

‘तिसऱ्या धोंड्यापाशी म्हाताऱ्याची मान खाली गेली. डोक्यावरचे ढेकूळ निघताना मुठीएवढे होते, अजूनही मुठीएवढेच दिसत होते, पण मानेच्या शिरा ताठल्या होत्या आणि माळेतले कण्हेरीचे एक फूल घामाने कानाला चिकटले होते. मागून येणाऱ्या गुराख्याने विचारले, “आजा, जरा टेकता का?” म्हातारा बोलला नाही. पुढे उजवीकडे ओढा आणि डावीकडे वारूळ. बांधावर उभ्या असलेल्या विधवेकडे त्याने पाहिले नाही, थोरल्याकडेही पाहिले नाही. त्याने पाय उचलला आणि ओढ्याच्या बाजूला टाकला.’

ओढ्याकडे टाकलेले पाऊल खरे की खोटे, हे या उताऱ्यात सांगितलेले नाही. पुढच्या पावलाला मान वर आली की आणखी खाली गेली, एवढेच दाखवले तरी वाचकाला निकाल कळतो, आणि पंचांना तो कळलेला नसतो.

सातवी पायरी: बोली आणि भाषा सांभाळा

रट्टांच्या काळातले इथले लेख प्रामुख्याने कन्नड आणि संस्कृत आहेत, हे मराठी लेखकाने मोकळेपणाने मान्य करून लिहावे. १९५६ नंतरच्या सीमावादाचे आपले दुःख खरे आहे, पण ते १२०४ च्या माणसांच्या तोंडी घालणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. खानापूरकडच्या घरात गोकाककडची सून आली असेल तर ती ओव्या एका भाषेत ऐकेल आणि मुलाला दुसऱ्या भाषेत जोजवील. अण्णा, अक्का, अप्पा या हाका दोन्ही भाषांतल्या घरांत सारख्याच ऐकू येतात, त्यांचा उपयोग करावा. सभेत गावुंडाचा निवाडा कन्नडात वाचला जातो आणि शेवटच्या रांगेतली बाई शेजारणीला त्याचा अर्थ विचारते, या एका ओळीत तो काळ उभा राहतो.

सुलतानी काळाआधीची कथा असेल तर संवादांतून जमीन, हक्क, वारस, मालक, फिर्याद, कागद असे फारसी-अरबीतून आलेले शब्द काढून टाकावेत आणि भुई, वाटा, धनी, वाद, साक्ष, पत्र यांवर भागवावे. निवेदनात एवढे सोवळे पाळण्याची गरज नाही. तिथे आजच्या वाचकाला कळणारी सरळ प्रमाण मराठी वापरावी, नाहीतर कथा शब्दकोशात अडकते.

आठवी पायरी: पाहून या, मग दुसरा खर्डा लिहा

पहिला खर्डा झाल्यावर हलशीचे भूवराह नरसिंह मंदिर, कित्तूरजवळच्या देगावचे कमलनारायण मंदिर आणि बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती पाहून यावी. देगावचे देऊळ कदंब राजा शिवचित्त पेर्माडी याची राणी कमलादेवी हिच्या इच्छेने उभे राहिले, त्यामुळे त्या काळच्या स्त्रीच्या हाती काय असू शकत होते याचा विचार करायला ती जागा चांगली आहे. देवळाआधी आवाराच्या कडेला पडलेले दगड पाहावेत. वीरगळ, सतीशिळा, गाय-वासरू आणि सूर्य-चंद्र कोरलेल्या शिळा अनेकदा तिथे गवतात असतात. त्यांना हळदी-कुंकू वाहिलेले असले तर हात लावण्याआधी गावात विचारावे, आणि अक्षरांवर खडू किंवा पीठ चोळू नये, त्याने दगड झिजतो.

खर्डा एखाद्या शेती करणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाला वाचून दाखवावा. बैलाच्या कासऱ्यापासून खळ्याच्या तिवड्यापर्यंत त्याला जे खटकेल ते बदलावे. भाऊ-भाऊ एकमेकांशी असे बोलतील का, हे मात्र घरातल्या एखाद्या मावशीला किंवा आजीला विचारावे. वाटणीच्या वेळी सोप्यात काय बोलले गेले आणि माजघरात काय, हे त्यांनी ऐकलेले असते.

शेवटी नावांची काळजी. राजे, मंत्री, नद्या, देवळे खरी ठेवावीत, पण वादातले गाव आणि घराणे कल्पित असावे. या भागात पाटील, देसाई, कुलकर्णी, नाडगौडा अशा आडनावांची नांदती घरे आहेत, त्यांतल्या काहींचे बांधाचे दावे आजही न्यायालयात असतील, आणि आठशे वर्षांपूर्वीच्या खलनायकाला त्यांचे आडनाव व त्यांच्या गावाचे नाव दिले तर गावात लोक तेवढेच वाचतील. कल्पित गावाला नाव देताना ओढा, झाड, देव किंवा मातीचा रंग यांवरून द्यावे आणि ते नाव आसपासच्या तालुक्यांत खरोखरचे नाही ना, हे नकाशावर तपासून मगच हस्तलिखित पुढे पाठवावे.